स्कॅनची भीती किती धरायची?

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या. तेव्हापासून हा विषय रेडिओवर बोलायचाच, असं मनाशी ठरवलं होतं.

हप्ते गोळा झाले, वहीत नोंदी झाल्या. मग एका मैत्रिणीनं कर्जाचा अर्ज पुढं केला. कारण लिहिलं होतं, 'पेट स्कॅन'. तिच्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली. गाठ लहान होती, काखेत पसरलेली नव्हती. केमो झाला, शेकही झाला. आज तिला काही त्रास नाही. शेळ्या राखते, भांगलणीला जाते. पण शहरातल्या पुतण्यानं सांगितलं की दर सहा महिन्यांनी सगळं अंग तपासून घे काकू, म्हणजे मनाला घोर राहत नाही. डॉक्टरांनी तसं काही लिहून दिलेलं नव्हतं. पैसे मात्र गटातून हवे होते.

आम्ही काही बोलायच्या आत कोपऱ्यातून आवाज आला, "माझ्याकडं बघा, मग ठरवा." बोलणारी होती आमची जुनी सभासद. तिनं वॉकर भिंतीला टेकवून ठेवला होता. तिलाही हाच आजार, तीन वर्षांपूर्वी. उपचार पूर्ण झाले आणि ती बरी झाली. पुढं पाठ दुखायला लागली. रात्री झोपू देत नव्हती, आडवं झालं की जास्तच ठणकायची. डॉक्टर म्हणाले, आधी पाठीचा एमआरआय करू. पण घरात मोबाइलवर एक मेसेज फिरत होता : एका स्कॅनमध्ये पाचशे एक्स-रेइतके किरण असतात, स्कॅननंच कॅन्सर होतो. ती म्हणाली, एकदा त्यातून उठले, आता पुन्हा किरण घेऊन नवीन दुखणं कशाला ओढवून घेऊ? चार महिने तेल लावलं, शेकलं, वेदना कमी करायच्या गोळ्या खाल्ल्या. एका सकाळी पाय उचलेनात. कॅन्सर मणक्यात उतरला होता आणि मज्जारज्जू दाबला जात होता. तातडीनं शेक दिला, पायांत थोडी ताकद आली, पण पूर्वीचं चालणं काही परत आलं नाही.

ज्या तपासणीला ती किरणांच्या भीतीनं नाही म्हणाली, त्या एमआरआयमध्ये किरण नसतातच. तो चुंबकावर चालतो.

ग्रामीण रुग्णालयात सिस्टर म्हणून माझी सव्वीस वर्षं गेली, आणि ही गोष्ट तिला वेळेत सांगायला मी तिथं नव्हते याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून आज आधी तेच सांगते. सोनोग्राफीत आवाजाच्या लहरी असतात, किरण नसतात. एमआरआयमध्ये चुंबक असतो, किरण नसतात. गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी, तोंड उघडून केलेली तपासणी, रक्त, गाठीतला तुकडा काढून तपासणं, यातल्या कशातच किरण नाहीत. किरण असतात ते एक्स-रेमध्ये, मॅमोग्राफीत, सीटी स्कॅनमध्ये, आणि वेगळ्या पद्धतीनं हाडांच्या स्कॅनमध्ये व पेट स्कॅनमध्ये. 'स्कॅन' हा शब्द सगळ्यांनाच लावतात, म्हणून घोटाळा होतो. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली की विचारा, "साहेब, यात किरण आहेत का?" यात लाजण्यासारखं काही नाही.

आता किरण म्हणजे नेमकं किती? त्याचं माप आहे मिलीसिव्हर्ट. नाव अवघड आहे, पण शेर-पायलीसारखंच एक माप समजा. आपण स्कॅन न करताही रोज थोडे किरण अंगावर घेतच असतो. जमिनीतून येतात, दगडातून येतात, आकाशातून येतात, हवेतून श्वासाबरोबर आत जातात, खाण्यातून पोटात जातात. जगाची सरासरी काढली तर माणसाला वर्षाला सुमारे २.४ मिलीसिव्हर्ट असे फुकट मिळतात. केरळच्या करुनागपल्लीच्या किनाऱ्यावरच्या वाळूत थोरियम आहे. तिथल्या काही वस्त्यांमध्ये लोक पिढ्यान्पिढ्या याच्या कितीतरी पट किरणांत राहत आले. तिथं अनेक वर्षं माणसं मोजून अभ्यास झाला, आणि किरणांमुळे कॅन्सर वाढल्याचं आढळलं नाही. अर्थात ते किरण थेंबाथेंबानं मिळतात आणि स्कॅनचे एकदम, हा फरक आहेच. पण किरण म्हटलं की लगेच विष, असं नाही, एवढं त्यातून कळतं.

याच मापानं छातीचा एक्स-रे मोजला तर तो तीन दिवसांपासून पंधरा दिवसांपर्यंतच्या फुकट किरणांएवढा भरतो. मॅमोग्राफी दोन महिन्यांएवढी. डोक्याचा सीटी आठ-दहा महिन्यांएवढा. छातीचा सीटी पावणेतीन वर्षांच्या आसपास. पोट आणि ओटीपोटाचा सीटी आठ ते दहा मिलीसिव्हर्ट, म्हणजे साडेतीन-चार वर्षांचे किरण. हाडांचा स्कॅन सुमारे दोन वर्षांचे. पेट स्कॅन, ज्यात सीटीही बरोबर असतो, तो वीस-पंचवीस मिलीसिव्हर्टपर्यंत जातो, म्हणजे आठ-दहा वर्षांचे. मशीन कोणतं, माणसाचं अंग केवढं, किती भाग तपासला, यावर हे आकडे खाली-वर होतात.

म्हणजे मोबाइलवरचा तो मेसेज आकड्यापुरता खोटा नव्हता. पोटाचा सीटी छातीच्या साध्या एक्स-रेच्या पाचशे पट भरू शकतो. पण पाचशे पट कशाच्या? तीन दिवसांच्या. चिमूटभर मिठाच्या पाचशे पट किती होईल ते घरातल्या बाईला कुणी वेगळं सांगायला नको.

एवढे किरण घेतल्यावर धोका किती वाढतो? हा हिशेब मुख्यतः हिरोशिमा आणि नागासाकीवर १९४५ साली बॉम्ब पडले, त्यातून वाचलेल्या लोकांवरून बांधला आहे. त्यातल्या लाखभर माणसांची नोंद आयुष्यभर ठेवली गेली. ज्यांना जास्त किरण लागले त्यांच्यात पुढं कॅन्सर जास्त दिसले, आणि त्या प्रमाणात खाली उतरत उतरत लहान मात्रेचा अंदाज काढतात. त्या अंदाजानं दहा मिलीसिव्हर्ट, म्हणजे पोटाचा एक सीटी, हजार माणसांचा काढला तर त्यातल्या एकाला पुढं कधीतरी त्या किरणांमुळे कॅन्सर होईल असं धरतात. आता दुसरी बाजू बघा. आपल्या देशात दर नऊ माणसांतल्या एकाला आयुष्यात केव्हातरी कॅन्सर होईल, असा राष्ट्रीय कॅन्सर नोंदणीचा अंदाज आहे. म्हणजे हजार जणांत कुणीही स्कॅन न करता एकशे अकरा जणांना तो होणारच. सगळ्यांचा सीटी काढला तर एकशे बारा. तो एकही माणूसच आहे, त्याला शून्य म्हणू नका. पण त्या एकाच्या भीतीनं समोर उभ्या असलेल्या आजाराकडं पाठ फिरवायची का, हा प्रश्न आहे.

या हिशेबात वयही धरायचं. किरणांमुळे होणारा कॅन्सर लगेच होत नाही. रक्ताचा असेल तर दोन-चार वर्षांनी, गाठीचा असेल तर बहुधा दहा वर्षांच्या पुढं. साठीच्या बाईला हा धोका तरुण मुलीपेक्षा खूपच कमी. लेकराला जास्त, कारण त्याचं अंग वाढतं असतं आणि पुढं आयुष्यही मोठं असतं. युरोपातल्या नऊ देशांत जवळपास दहा लाख मुला-तरुणांची नोंद ठेवून केलेला अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असं निघालं की दहा हजार मुलांचा सीटी काढला तर पुढच्या बारा वर्षांत एक-दोन मुलांना त्या किरणांमुळे रक्ताचा कॅन्सर होऊ शकतो. पडलं, डोक्याला टेंगूळ आलं, की "सीटी काढाच" म्हणून आपणच डॉक्टरांच्या मागं लागतो. तसं करू नका. गरज असेल तर तेच सांगतील.

कॅन्सरच्या माणसाचं तागडं मात्र वेगळंच झुकतं. माझ्या धाकट्या जावेला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर झाला तेव्हा ती सीटीला घाबरली. मला म्हणाली, "ताई, ते किरण नको गं." आणि त्याच जावेनं पुढं पंचवीस दिवस शेक घेतला. बायांनो, आपण ज्याला शेक म्हणतो, लाइट म्हणतो, तो किरणांचाच उपचार. ओटीपोटावर जो शेक देतात त्याची मात्रा सगळी मिळून एका सीटीच्या काही हजार पट असते. ती फक्त त्या भागावर देतात, रोज थोडी थोडी, आणि गाठ मारण्यासाठीच. पण तो शेक नेमका कुठं द्यायचा, लघवीची पिशवी आणि आतडं कसं वाचवायचं, हे ठरवायला आधी सीटी लागतो. कातडीवर त्या वेळी खुणा करतात. (त्या खुणा घासून धुवायच्या नाहीत. जावेनं दुसऱ्याच दिवशी साबण लावून साफ केल्या होत्या, पुन्हा सगळा खटाटोप.) सीटी टाळून शेक घेणं म्हणजे डोळे मिटून कोयता चालवणं.

म्हणून मी माझ्यापुरतं एक ठरवलं आहे, तुम्हालाही सांगते. किरण किती, हे नंतर विचारायचं. आधी विचारायचं, "या तपासणीत काहीही निघालं तरी पुढच्या उपचारात काय बदलेल?" कॅन्सर नव्यानं सापडला आहे आणि तो कुठवर गेला आहे ते बघायचं आहे? मग ऑपरेशन करायचं की नाही, हेच त्यावर ठरतं. स्कॅन करा. केमोचे काही डोस झाले, गाठ विरघळते आहे का ते बघायचं आहे? विरघळत नसेल तर औषध बदलतील. करा. नवीन त्रास सुरू झाला आहे : हाड दुखतं, दम लागतो, खोकला जात नाही, डोकं दुखून उलटी होते? एक दिवसही थांबू नका. आणि कॅन्सर झालेल्या बाईची पाठ दुखते आहे, त्याबरोबर पायांत मुंग्या आहेत, पाय लटपटतात किंवा लघवीचं भान राहत नाही, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा. तिथं तासांचा हिशेब असतो. आमच्या मैत्रिणीचा वॉकर त्या चार महिन्यांचा आहे.

पण काहीही निघालं नाही तरी तेच आणि निघालं तरी तेच, असं उत्तर आलं, तर स्कॅन कशाला? इथं कर्ज मागणाऱ्या मैत्रिणीची गोष्ट येते. लहान गाठीचा स्तनाचा कॅन्सर, उपचार पूर्ण, त्रास काही नाही. अशा बायांवर इटलीत झालेले दोन मोठे अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाले, दोन्हीत हजाराहून जास्त बायका होत्या. निम्म्या बायकांची ठरावीक मुदतीनं हाडांचे स्कॅन, छातीचे एक्स-रे अशी तपासणी केली. उरलेल्या निम्म्यांना डॉक्टर हातानं तपासत, विचारपूस करत आणि मॅमोग्राफी करत. वर्षांनी बघितलं तर दोन्हीकडं बायका सारख्याच जगल्या. आधी सापडलं म्हणून आयुष्य वाढलं, असं झालं नाही. अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेनंही २०१२ मध्ये आपल्या डॉक्टरांना सांगितलं की बऱ्या झालेल्या आणि त्रास नसलेल्या अशा बायकांचे पेट, सीटी, हाडांचे स्कॅन नेमानं काढत बसू नका. वर्षातून एकदा मॅमोग्राफी आणि वेळच्या वेळी डॉक्टरांना दाखवणं, एवढं पुरतं. शिवाय स्कॅनमध्ये काहीतरी बारीक ठिपका दिसतोच. बहुतेक वेळा तो जुन्या टीबीचा डाग असतो, नाहीतर काहीच नसतं. पण मग त्याच्यामागं आणखी एक स्कॅन, सुई घालून तपासणी, आणि महिनाभर घरातल्या कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही. दर सहा महिन्यांनी एक पेट म्हणजे पाच वर्षांत दहा. दोनशे-अडीचशे मिलीसिव्हर्ट झाले. जिथं नफा नाही तिथं एवढा खर्च कशाला, पैशाचा आणि अंगाचाही? सगळ्याच कॅन्सरना हे लागू नाही. काही आजारांत उपचारानंतरही ठरलेल्या वेळी सीटी काढावा लागतो, कारण लवकर सापडलं तर तिथं ऑपरेशन होऊ शकतं. तुमच्या आजाराचं तुमच्याच डॉक्टरांना विचारा, पुतण्याला नको.

खरं तर माझ्या अनुभवात विनाकारण किरण सगळ्यात जास्त जातात ते वेगळ्याच वाटेनं. जावेचा पहिला सीटी तालुक्याला झाला. रिपोर्टचा कागद आणला आणि सीडी तिथंच राहिली. जिल्ह्याच्या दवाखान्यात म्हणाले, फोटो बघितल्याशिवाय नुसत्या कागदावर कसं सांगणार, पुन्हा काढा. पुढं मोठ्या शहरात गेलो तर जिल्ह्याची फिल्म एसटीत पावसानं भिजून चिकटलेली. तिसरा सीटी. एका महिन्यात एकाच पोटाचे तीन! यात दवाखान्याची चूक थोडी आणि आमची जास्त, मी स्वतः सिस्टर असून. आता आमच्या गटात नियमच केला आहे : फिल्म, सीडी आणि रिपोर्ट तिन्ही मागून घ्यायचे, रॉकेलच्या कॅनजवळ नाही तर जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवायचे, आणि मागच्या पानावर तारखेसह लिहायचं, कुठला स्कॅन, कुठं झाला. नव्या डॉक्टरांनी "पुन्हा काढा" म्हटलं की पिशवी पुढं करायची. जुना फार जुना झाला असेल किंवा नीट आला नसेल तर ते तसं सांगतील, मग काढायचा.

आता स्कॅनच्या खोलीतलं थोडं. पाळी चुकली असेल, दिवस गेल्याची शंका असेल, तर टेबलावर झोपायच्या आधी सांगा. सासू बरोबर आहे, नवरा बाहेर उभा आहे, म्हणून गप्प बसू नका. हळूच सिस्टरच्या कानात सांगितलं तरी चालतं. पोटातल्या बाळाला किरण जपून, अगदी अडलं तरच. म्हातारीला धरायला म्हणून पोटुशी सून एक्स-रेच्या खोलीत उभी राहते, तेही नको. धरायला लागलंच तर दुसऱ्या कुणीतरी, शिशाचा जड एप्रन घालून. उरलेल्यांनी बाहेर. ही मशीन चालवायला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, तो तुम्ही विचारू शकता.

सीटीत शिरेतून औषध सोडायचं असेल तर मधुमेह आहे का, किडनीचा त्रास आहे का, आधी कधी इंजेक्शननं अंगावर पित्त उठलं का, हे आपणहून सांगा. साखरेच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत तेही. किरणांपेक्षा या औषधाचीच काळजी कधी कधी जास्त घ्यावी लागते. एमआरआयला जाताना अंगावर धातू नको : बांगड्या, जोडवी, पिना, साडीची सेफ्टी पिन, डोक्यातली काटी. हृदयात मशीन बसवलं असेल तर ते सगळ्यात आधी सांगा. मंगळसूत्र काढताना रडणाऱ्या कितीतरी बाया मी पाहिल्या. माझ्या जावेनं ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, आत मी आहे तोवर तुम्ही गळ्यात घाला. मी घातलं.

एक्स-रे किंवा सीटी झाला की अंगात काही उरत नाही. दिवा विझवला की खोलीत उजेड साठून राहतो का? तसंच ते. मशीनचा शेक घेतलेल्या बाईच्या अंगातही काही उरत नाही. तिचं ताट वेगळं करू नका, तिच्या मांडीवरून नातवंडं उचलून नेऊ नका. पेट स्कॅन आणि हाडांचा स्कॅन यांची गोष्ट जरा वेगळी, कारण त्यात किरणांचं औषधच शिरेत देतात. पेटला सहा तास उपाशी जायचं, साखर आटोक्यात हवी, औषध दिल्यावर तासभर शांत पडून राहायचं. ते औषध दर दोन तासांच्या आतच निम्मं होत जातं आणि लघवीवाटेही निघून जातं. म्हणून घरी येताना भरपूर पाणी प्यायचं, आणि त्या दिवसापुरतं तान्ह्या बाळाला कुशीत घ्यायचं नाही, पोटुशीला चिकटून बसायचं नाही. बाळ अंगावर पीत असेल तर औषध देण्याआधीच सांगा. थायरॉइडच्या कॅन्सरला जे आयोडीन देतात ते मात्र उपचाराचं मोठं औषध, त्यासाठी काही दिवस वेगळ्या खोलीत राहावं लागतं. तिथं दवाखाना सांगेल ते तंतोतंत पाळा.

बैठकीचं काय झालं ते राहिलंच. कर्जाचा अर्ज आम्ही नाकारला नाही, मागंही लावला नाही. त्या मैत्रिणीबरोबर आमची सचिव तिच्या डॉक्टरांकडं गेली. त्यांनी तिला तपासलं, मॅमोग्राफी लिहून दिली आणि पेटची आत्ता गरज नाही असं तोंडानं सांगितलं. तिनं ते कागदावर लिहून मागितलं, पुतण्याला दाखवायला. मॅमोग्राफीपुरते पैसे तिनं गटातून घेतले आणि पहिला हप्ता या महिन्यात फेडलासुद्धा. वॉकरवाली मैत्रीण आता बैठकीला नव्या बाई आल्या की त्यांना पहिला प्रश्न विचारते, "पाठ दुखते का गं?"